पाळीच्या दिवसांतली पोटदुखी, जुलाब, पोटफुगी: किती सोसायचं आणि कधी तपासायचं?

रानजाई (धागाकर्ती)

नमस्कार. वय ३१, ठाण्याला राहते, नोकरी फोर्टला. घरात या विषयावर नीट बोलणं होत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

पाळी यायच्या आधीचा आठवडाभर पोट साफ होत नाही आणि इतकं फुगतं की संध्याकाळी सलवारीची नाडीही काचते. पाळी सुरू झाली की सगळं उलट. पहाटे ओटीपोटात कळा येतात, कंबर आणि मांड्या भरून येतात, मळमळतं, घाम फुटतो आणि जुलाब सुरू होतात. त्या दिवशी लोकलमध्ये चढताना कुठल्या स्टेशनवरचं स्वच्छतागृह उघडं असतं आणि त्यात पाणी असतं, हे आधी आठवून ठेवावं लागतं. एवढं सगळं कॉलेजपासून आहे. पण गेल्या वर्षापासून एक नवीन त्रास सुरू झाला आहे. पाळी चालू असताना शौचाला बसलं की गुदद्वारापासून आत वरपर्यंत सुरी फिरल्यासारखी कळ जाते. पाळी संपली की ती कळही जाते.

पोटविकारतज्ज्ञ म्हणाले आयबीएस आहे (म्हणजे तपासणीत काही सापडत नाही, पण आतड्याचं काम बिघडतं), ताण घेऊ नका. स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणाल्या सोनोग्राफी नॉर्मल आहे, पाळीत एवढं चालायचंच, लग्न झालं की कमी होईल. पहिल्यांनी पाळीबद्दल विचारलं नाही, दुसऱ्यांनी शौचाबद्दल.

हे दोन्ही त्रास एकाच कारणाचे असू शकतात का? कुणाला असं होतं का? घरगुती उपाय, औषधं, तपासण्या, सगळं सांगा. फक्त ‘सगळ्यांनाच होतं’ एवढंच लिहू नका, ही विनंती.

माजघर

रानजाई, तुझं वाचून पोटात कालवलं गं. माझी पाळी जाऊन बरीच वर्षं झाली, पण ते दिवस विसरलेले नाहीत. आमच्याकडे जे करायचो ते लिहिते.

आधीच्या आठवड्यात रात्री कोमट पाण्यातून इसबगोल, आणि दिवसभर पाणी भरपूर. पोट फुगतं म्हणून पाणी कमी करू नकोस, त्याने खडा आणखी घट्ट होतो. ओवा आणि शेपा किंचित भाजून जेवणानंतर चावायच्या. जुलाब सुरू झाले की मऊ भात, मीठ, थोडं तूप, मुगाचं पातळ वरण. आल्याचं पाणी मळमळीला चांगलं. ओटीपोटावर गरम पाण्याची पिशवी, पण मध्ये पंचा ठेवायचाच. रोज शेकून शेकून माझ्या जावेच्या पोटावर तांबूस-काळी जाळी उठली होती.

आणि एक सांगते. पोट साफ व्हावं म्हणून त्या दिवसांत एरंडेल घ्यायची पद्धत अजून काही घरांत आहे. आधीच जुलाब होत असतील तर ते अजिबात नको.

शुश्रूषा

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, सांगली भागात प्रॅक्टिस करते. इथे निदान करता येत नाही, पण असं का होतं ते सांगता येईल.

पाळीआधीच्या दोन आठवड्यांत प्रोजेस्टेरॉन वाढलेलं असतं. ते गर्भाशयाचे स्नायू सैल ठेवतं आणि आतड्याची हालचालही मंदावतं. म्हणून बद्धकोष्ठ आणि फुगलेलं पोट. पाळीच्या तोंडावर ते झपाट्याने उतरतं आणि गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात. अस्तर बाहेर टाकण्यासाठी गर्भाशय आकुंचन पावतो तो त्यांच्यामुळे. ती जास्त झाली की आकुंचन जोरात होतं, स्नायूला रक्त कमी पडतं आणि कळ येते. आतडं शेजारीच आहे, त्याचा स्नायूही त्याच द्रव्यांना प्रतिसाद देतो, म्हणून जुलाब. मळमळ, डोकेदुखी, घाम हेही त्यातूनच. तेव्हा पाळी आणि पोट यांचा संबंध अगदी खरा आहे, तो मनाचा खेळ नव्हे.

पहिली पाळी आल्यानंतर वर्ष-दोन वर्षांत सुरू होणारं, रक्तस्रावाबरोबर येऊन दोन-तीन दिवसांत ओसरणारं दुखणं बहुतेक वेळा या प्रकारचं असतं. त्यात आत कुठला आजार नसतो. पण आजार नाही म्हणजे उपचार नको असं नाही.

आता रानजाई, तुमच्या पत्रात मला ज्याने थांबवलं ते शेवटचं लक्षण. पाळीतच शौचाच्या वेळी होणारी खोल वेदना, तीही नव्याने सुरू झालेली. एंडोमेट्रिऑसिसचा विचार इथे करायलाच हवा. गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती बाहेर वाढते: बीजकोशावर, गर्भाशयाच्या मागच्या बाजूला, कधी थेट मलाशयावर. दर महिन्याला तिथे सूज येते, हळूहळू अवयव एकमेकांना चिकटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननवयातल्या सुमारे १० टक्के स्त्रियांना हा आजार असतो, आणि निदान व्हायला अनेक वर्षं जातात. त्या काळात आयबीएसचं लेबल लागणं फार नेहमीचं आहे. दोन्ही एकत्रही असू शकतात.

साधी सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून तो नाही असं म्हणता येत नाही. आतड्यावरचे आणि पोटाच्या आतल्या पातळ पडद्यावरचे डाग तिच्यात बरेचदा दिसतच नाहीत.

काटेसावर

शुश्रूषाताईंच्या शेवटच्या दोन ओळींना माझं आयुष्य साक्ष आहे.

मी पुण्याची. विशीपासून आयबीएसची पेशंट म्हणून फिरले. कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी) झाली, ती नॉर्मल, मग मनाच्या गोळ्याही झाल्या. पाळीत शौचाला जायची भीती वाटायची म्हणून मी आदल्या दिवसापासून जेवण सोडायचे. एका डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं, “हे दुखणं कॅलेंडरवर मांडलं तर कसं दिसतं?” मी त्यांना मोबाइलमधल्या नोंदी दाखवल्या. त्यांनी तपासणीच्या टेबलावरच सांगितलं की गर्भाशयाच्या मागे गाठीसारखं काहीतरी हाताला लागतंय. पुढे एमआरआयमध्ये मलाशय गर्भाशयाला चिकटलेलं दिसलं. लॅपरोस्कोपी (पोटातलं दुर्बिणीचं ऑपरेशन) झाली, तेव्हा स्त्रीरोगतज्ज्ञांबरोबर आतड्याचे सर्जनही टेबलाशी होते. हे आधी विचारून घ्या. आतडं गुंतलेलं असेल तर दोघंही लागतात.

रानजाई, तुझं लग्न झालेलं नाही असं दिसतंय. तिथे एक अडथळा येतो, तो मोकळेपणाने लिहिते. योनीमार्गे केलेली सोनोग्राफी यासाठी सर्वांत उपयोगी, पण अविवाहित म्हटलं की बरेच जण फक्त पोटावरून करतात आणि रिपोर्टात ‘नॉर्मल’ लिहून देतात. तुला विचारलंसुद्धा जात नाही की तुझी संमती आहे का. तुझी तयारी असेल तर स्वतःहून सांग. नसेल तर तेही तितकंच ठीक, मग एमआरआय किंवा गुदद्वारामार्गे सोनोग्राफी असे पर्याय असतात. लग्न झालं की कमी होईल, मूल झालं की थांबेल, हे सल्ले ऐकून मी जी वर्षं घालवली त्याचा मला अजून राग येतो. गरोदरपण हा या आजारावरचा उपचार नाही.

नदीकाठ

पाळीच्या कळांवरच्या मेफ्टाल स्पास गोळीबद्दल कुणी बोलेल का? आमच्या ऑफिसात प्रत्येकीच्या पर्समध्ये ती पट्टी असते. मध्यंतरी तिच्यावर बंदी आली असं ऐकलं होतं.

शुश्रूषा

बंदी आलेली नाही. ३० नोव्हेंबर २०२३ ला भारतीय औषधसंहिता आयोगाने त्या गोळीतल्या मेफेनॅमिक ॲसिडबद्दल सावधगिरीची सूचना काढली होती. क्वचित होणारी पण गंभीर ॲलर्जी हे तिचं कारण. गोळी सुरू केल्यावर काही आठवड्यांच्या आत ताप, अंगभर पुरळ, चेहऱ्यावर सूज, गाठी असं दिसलं तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरकडे जायचं.

त्या गोळीत दोन औषधं आहेत. मेफेनॅमिक ॲसिड प्रोस्टाग्लँडिन तयार होणंच कमी करतं, म्हणून दुखणं पूर्ण चढायच्या आत घेतलं तर जास्त उपयोग होतो. कळा असह्य झाल्यावर घेऊन ‘लागू पडत नाही’ म्हणणाऱ्या पुष्कळ जणी मला भेटतात. दुसरं डायसायक्लोमिन, ते आतड्याचा मुरडा सैल करतं, पण त्याने तोंड कोरडं पडतं आणि बद्धकोष्ठ होऊ शकतं.

या धाग्यासाठी सर्वांत महत्त्वाचं म्हणजे मेफेनॅमिक ॲसिडनेच काहींना जुलाब होतात. पाळीचे जुलाब समजून आपण आणखी एक गोळी घेतो. गोळीनंतर जुलाब वाढतात असं लक्षात आलं तर डॉक्टरांना सांगून आयब्युप्रोफेन किंवा नॅप्रोक्सेनसारखा पर्याय घ्या. यातली कुठलीच गोळी उपाशीपोटी नको. अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, वेदनाशामकांनी बळावणारा दमा, गरोदरपणाची शक्यता, यांत विचारल्याशिवाय अजिबात नको. पावसाळ्यात ताप आला असेल आणि डेंग्यूची शंका असेल तरीही नको.

दुपारउन्हं

मेलबर्नहून लिहिते आहे. इथल्या मोनाश विद्यापीठातच लो फॉडमॅप आहार (आतड्यात नीट न पचता आंबून वायू करणारी कर्बोदकं कमी केलेला आहार) तयार झाला, आणि अलीकडे त्यांनी तो एंडोमेट्रिऑसिस असलेल्या स्त्रियांवरही तपासला. त्यांच्या पोटाच्या तक्रारी कमी झाल्या. मूळ आजार त्याने जात नाही, पण फुगणं आणि गुरगुरणं कमी झालं तरी महिन्यातले काही दिवस परत मिळतात.

आपल्या स्वयंपाकात हे अवघड वाटतं, कारण पहिला घाव कांदा-लसणावर बसतो. मी फोडणीत हिंग वाढवला, आल्याचा हात सढळ केला, कांद्याच्या पातीचा फक्त हिरवा भाग घेते. गव्हाच्या पोळीऐवजी ज्वारी-नाचणीची भाकरी आणि भात. राजमा, छोले, वाटाणा काही आठवडे बंद. मुगाची डाळ थोडी थोडी चालते. दुधाचा चहा मी सोडू शकले नाही, लॅक्टोज काढलेलं दूध घेते.

कळकळीने एक सांगते. हा आहार कायमचा नाही. दोन ते सहा आठवडे करायचं, मग एकेक पदार्थ परत आणून पाहायचं की नेमकं काय बाधतं. आहारतज्ज्ञ सोबत असलेली बरी. आधीच वजन कमी असलेल्या किंवा जेवणाची धास्ती असलेल्या मुलींनी तर स्वतःच्या मनाने पदार्थ तोडत जाऊ नये. काटेसावर, तुझं आदल्या दिवशी जेवण सोडणं वाचून म्हणूनच गलबललं.

अबोलीचा_गजरा

माझी मुलगी १४ वर्षांची. पाळी सुरू होऊन दीड वर्ष झालं. दर महिन्याला पहिल्या दिवशी उलट्या, शाळा बुडते. वर्गशिक्षिका म्हणतात नाटकं करते. सासूबाई म्हणतात एवढ्यात गोळ्यांची सवय नको. मी काय करू?

शुश्रूषा

ती नाटकं करत नाही, हे आधी तिला सांगा. आईने विश्वास ठेवला की मुली पुढचं सगळं नीट सांगतात.

तिच्या वयात हे बहुधा आजाराविना असलेलं दुखणं असेल. महिन्यातले दोन-तीन दिवस योग्य प्रमाणात, खाल्ल्यानंतर, डॉक्टरांनी सांगितलेली वेदनाशामक गोळी घेतल्याने सवय लागत नाही. शेक, हलकं चालणं, पुरेशी झोप यांची जोड द्या. नियमित वेदनाशामक आणि गरज पडल्यास हार्मोनच्या गोळ्या देऊनही तीन ते सहा महिन्यांत फरक पडला नाही, तर पुढे तपासायला हवं, मग वय १४ का असेना. आईला, मावशीला, बहिणीला एंडोमेट्रिऑसिस असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा, कारण त्याने मुलीची शक्यता वाढते.

रक्तस्राव जास्त असेल तर हिमोग्लोबिन बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. लोहाची गोळी सुरू केली तर शौचाचा रंग काळा होतो आणि पोट जड होतं, त्याने घाबरू नका. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या, चहाबरोबर नको. फार बद्धकोष्ठ झालं तर दिवसाआड घेण्याबद्दल डॉक्टरांना विचारा.

गोदाकाठ

मी बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगार बायकांच्या आरोग्यावर काम करते. इथली चर्चा वाचून लिहावंसं वाटलं, कारण ‘पाळीत दुखतं’ या तक्रारीचा शेवट आमच्याकडे फार वेगळा होतो.

नवरा-बायकोची जोडी मिळून मजुरीत ‘एक कोयता’ धरतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते. एक दिवस फडात गेलं नाही की खाडा पडतो आणि उचलीतून पैसे कापले जातात. पाळीत कळा येताहेत, जुलाब होताहेत, आडोसा नाही, पाणी नाही, आणि डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढायचं आहे. अशा बाईने दवाखान्यात जाऊन ओटीपोट दुखतं सांगितलं की तिला गर्भपिशवी काढून टाकायचा सल्ला मिळायचा. कॅन्सर होईल अशी भीती घातली जायची. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसाठी जिल्ह्यात पाहणी झाली, तेव्हा सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्यांत कितीतरी जणी चाळिशीच्या आतल्या होत्या.

त्यातल्या बायका मला आज भेटतात. दुखणं पिशवीबरोबर गेलंच असं नाही. कंबर दुखते, हाडं दुखतात, अंगातून वाफा येतात, आणि ऑपरेशनचं कर्ज फेडायला पुन्हा फडावर जावं लागतं. शुश्रूषाताई, पिशवी काढल्यावरही दुखतं ते का, हे इथे सोप्या भाषेत लिहाल का? मला ते बैठकीत वाचून दाखवायचं आहे.

शुश्रूषा

जरूर लिहिते.

दुखण्याचं मूळ पिशवीच्या बाहेर असेल, म्हणजे आतड्यावर किंवा पोटाच्या पडद्यावर, तर नुसती पिशवी काढून ते जात नाही. दुखणं जंतुसंसर्गाचं, मूत्रमार्गाचं किंवा आतड्याचं असेल तर पिशवीचा दोषच नसतो. पिशवीबरोबर दोन्ही बीजकोशही काढले तर पाळी त्याच दिवशी कायमची जाते. इस्ट्रोजेन एकदम थांबतं, त्यातून अंगाच्या वाफा, हाडांची झीज आणि पुढे हृदयविकाराचा धोका वाढतो. तिशीतल्या बाईवर हे लादणं फार गंभीर आहे. पिशवी काढण्याआधी तिने एवढं तरी विचारावं: मला नेमकं झालंय काय, गोळ्यांनी किंवा गर्भाशयात बसवायच्या हार्मोनच्या तांबीने भागेल का, आणि बीजकोश ठेवणार का? दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचा तिला पूर्ण हक्क आहे.

सह्यवारा

बायकोला हा त्रास आहे. नवऱ्याने नेमकं काय करावं? ‘काळजी घे’ म्हणण्यापलीकडे मला सुचत नाही.

काटेसावर

सांगते. तिच्या तारखा तुमच्याही फोनमध्ये ठेवा. त्या दिवसांचा डबा, मुलांची शाळा, पाहुणे हे तुम्ही धरा, तिने न सांगता. घरात एकच संडास असेल तर सकाळी तो तिच्यासाठी मोकळा ठेवा, ही फार मोठी मदत असते. डॉक्टरकडे सोबत जा आणि ती बोलत असताना मध्ये बोलू नका. संबंधांच्या वेळी तिला दुखतं का हे विचारा. तेही या आजाराचं लक्षण आहे आणि बायका ते आपणहून सांगत नाहीत.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. मध्ये बरेच दिवस गेले, पण आता सांगण्यासारखं आहे.

काटेसावर म्हणाली तशी वही केली. तारीख, दुखणं दहापैकी किती, शौच घट्ट की पातळ, कळ नेमकी कुठे, कुठली गोळी घेतली, कामावर गेले की नाही. तीन पाळ्यांची ती पानं मी नव्या डॉक्टरांसमोर ठेवली. त्यांनी ती शांतपणे पूर्ण वाचली आणि एमआरआय सांगितला. डाव्या बीजकोशावर चॉकलेट सिस्ट (एंडोमेट्रिऑसिसमुळे होणारी, जुन्या रक्ताने भरलेली गाठ) आहे आणि गर्भाशयाच्या मागे मलाशय थोडं चिकटलेलं आहे. रिपोर्ट हातात आल्यावर मी रडले, आणि मला हलकंही वाटलं.

सध्या ऑपरेशन नाही. डायनोजेस्ट ही हार्मोनची गोळी २ मिलिग्रॅम रोज, एकही दिवस न चुकवता, पाळी थांबवायच्या हेतूने. आयब्युप्रोफेन लागेल तेव्हा. दुपारउन्हंच्या यादीतलं कांदा-लसूण कमी करणं सुरू केलंय, फुगणं खरोखर उतरलं. आईला सोबत नेलं होतं, डॉक्टरांनी चित्र काढून तिलाच समजावलं. घरी येऊन आई म्हणाली, तिलाही असंच व्हायचं.

शुश्रूषाताई, गोळी सुरू केल्यापासून अधूनमधून थोडं थोडं अंगावर जातंय. बंद करू का?

शुश्रूषा

स्वतःहून बंद करू नका. पहिल्या काही महिन्यांत असं अनियमित जाणं अपेक्षित असतं, पुढे ते बहुतेकींचं कमी होतं. रोज ठरलेल्या वेळी गोळी घ्या. मन फार उदास राहायला लागलं, रक्तस्राव वाढला किंवा डोकं खूप दुखू लागलं तर डॉक्टरांना लवकर कळवा. ही गोळी गर्भनिरोधक म्हणून धरायची नसते, ते पुढे कधी लागलं तर वेगळी सोय करा. मूल हवं की नको, कधी हवं, याबद्दल तुमचा विचार डॉक्टरांना आत्ताच सांगून ठेवा. सिस्टवर ऑपरेशन करायचं का आणि कधी, हे बरंच त्यावर ठरतं.

हा धागा इतर कुणी वाचत असेल तर एक राहिलं ते लिहिते. पाळी चुकलेली असताना अचानक एका बाजूला जोरात दुखलं, चक्कर आली, दुखण्याबरोबर ताप आला, शौचातून रक्त गेलं, वजन उतरू लागलं किंवा रात्री झोपेतून उठून जुलाब होऊ लागले, तर वहीत नोंदी करत थांबू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

अबोलीचा_गजरा

आमच्याही घरून बातमी. मुलीला डॉक्टरांकडे नेलं. गोळी कळ सुरू होताच पोळीभाजी खाऊन घ्यायला सांगितली. या महिन्यात उलटी झाली नाही आणि दुपारनंतर शाळेत गेली. डॉक्टरांनी दिलेली चिठ्ठी वर्गशिक्षिकांना दाखवली, आता तिला मधल्या तासाला न विचारता बाथरूमला जाता येतं. काटेसावरची वही तिनेच करून घेतली आहे, मागच्या पानावर मैत्रिणींची नावं लिहिली आहेत, ज्यांना ती द्यायची आहे.